तेजोमेघांसाठी खास खगोल कॅमेरा : घेण्याआधी पारख कशी करावी?

नमस्कार. गेले दोन हिवाळे मी ४८० मिमी नाभीय अंतराच्या ८० मिमी अपवर्तक दुर्बिणीला साधा डीएसएलआर जोडून वांगणी परिसरातून तेजोमेघांची छायाचित्रे घेत आहे. मृगातला एम ४२ हा तेजस्वी तेजोमेघ पहिल्याच रात्री मनासारखा आला, परंतु शृंगाश्वातल्या रोझेट तेजोमेघाच्या तीन तासांच्या फ्रेम एकत्र करूनही हाती लागला तो फिकट, मातकट डाग. एका परिचितांनी आपला एएसआय ५३३ एमसी प्रो हा शीतकरणाची सोय असलेला रंगीत कॅमेरा दोन रात्रींसाठी देऊ केला आहे. रक्कम मोठी असल्याने या दोन रात्रींत नेमके काय तपासावे, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या डागाचे मूळ बहुधा डीएसएलआरच्या संवेदकापुढील (सेन्सरपुढील) फिल्टरमध्ये आहे. रोझेटचा लाल रंग हा हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश आहे आणि कॅमेऱ्यातला हा फिल्टर त्यातला बराचसा भाग अडवतो. एम ४२ मुळातच तेजस्वी असल्याने तिथे ही उणीव जाणवत नाही. खगोल कॅमेऱ्यात हा अडसर नसतो, आणि माझ्या अनुभवात तेजोमेघांच्या बाबतीत शीतकरणापेक्षाही हाच फरक मोठा ठरतो. मात्र अपवर्तक दुर्बिणीवर अतिनील व अवरक्त प्रकाश रोखणारा फिल्टर वेगळा लावावा लागतो, नाहीतर तारे फुगलेले येतात.

तुलना एकाच रात्री, चंद्र नसताना करावी. रोझेट याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, येण्याआधीचा दीड तास डीएसएलआरला आणि नंतरचा दीड तास या कॅमेऱ्याला द्यावा, म्हणजे दोघांनाही साधारण सारख्याच उंचीवरचे आकाश मिळेल. शिवाय माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) दुसऱ्या बाजूला उलटवण्यासाठी तिथे थांबावेच लागते, तेव्हाच कॅमेरा बदलून नव्याने फोकस करता येईल. तापमान उणे १० अंशांवर स्थिर ठेवून त्याच तापमानाच्या डार्क फ्रेम (संवेदकाचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) घ्याव्यात. हे शीतकरण बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ३५ अंश खाली जाते, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे उणे १० चा आग्रह धरू नये.

प्रतिसाद २

चौकटीचा विचार आधी करावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे. या कॅमेऱ्याचा संवेदक चौरस असून त्याची बाजू जेमतेम ११.३ मिमी आहे. आपल्या दुर्बिणीवर त्यात सुमारे १.३५ अंशांचे आकाश मावेल आणि रोझेटचा विस्तारही जवळपास तेवढाच आहे. ०.८ पटीचा रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) लावल्यास हे क्षेत्र १.७ अंशांपर्यंत जाते. मात्र रिड्यूसर ते संवेदक हे अंतर, बहुतेक वेळा ५५ मिमी, काटेकोर जुळवावे लागते. दुसरी रात्र शक्य असल्यास शहरातल्या गच्चीवर, हायड्रोजन व ऑक्सिजनच्या दोनच पट्ट्या सोडणारा फिल्टर लावून काढावी. कृत्तिकांभोवतीच्या धुळीसाठी हा फिल्टर निरुपयोगी आहे, कारण ती धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते.

धागाकर्त्याचे उत्तर

अमावास्येच्या आसपास दोन्ही रात्री मिळाल्या. वांगणीला डीएसएलआरच्या फ्रेममध्ये जिथे नुसती लालसर छटा होती, तिथे या कॅमेऱ्याच्या तेवढ्याच वेळेच्या फ्रेममध्ये मधली पोकळी, तिच्या कडेचे काळ्या धुळीचे बारीक पुंजके आणि बाहेरच्या पाकळ्यांचे पदर स्वच्छ दिसले. पण पाकळ्या चौकटीच्या कडांना अगदी टेकल्या होत्या. गच्चीवरही, दुहेरी पट्टीच्या फिल्टरमधून, पाकळ्यांचा आकार ओळखू आला, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते, कारण वांगणीला महिन्यातून एकदाच जाणे होते. कॅमेरा घेण्याचे ठरले आहे. ८० मिमी दुर्बिणीसाठी ०.८ पटीचा रिड्यूसर कोणी वापरला असल्यास कोपऱ्यातले तारे कसे येतात, ते जरूर लिहावे.