मदत हवी आहे: फीनिक्सच्या अंगणातलं रुपेरी झुडूप नक्की कोणतं, आणि ते फुलत का नाही?

मंडळी, नाशिकहून इकडे ॲरिझोनात येऊन दोन वर्षं झाली. घराबरोबर आधीच्या मालकांनी लावलेली तीन झुडपंही मिळाली. नर्सरीत त्यांना 'टेक्सास सेज' म्हणाले. पण सेज म्हणजे तुळशीच्या कुळातलं ना? पान चुरगाळून पाहिलं, तर कसलाच वास नाही.

दोघांची पानं राखाडी-रुपेरी, बोटाच्या पेराएवढी, हाताला मखमलीसारखी. नखाने हलकेच खरवडलं की लव निघते आणि खालचं हिरवं दिसतं. तिसऱ्याची पानं मात्र हिरवी, जेमतेम सेंटिमीटरभर, चमच्यासारखी, आणि फांद्या आडव्यातिडव्या. ही जात वेगळी आहे का?

खरं दुखणं फुलांचं आहे. आमच्या पलीकडे रिकामा प्लॉट आहे, तिथे कुणी पाणी घालत नाही. जुलैत पहिल्या वादळाच्या आधी हवा दमट झाली आणि तिथलं झुडूप असं जांभळं झालं की पान दिसेना. माझ्या दोन्ही रुपेरी झुडपांवर मोजून अकरा फुलं! घंटेच्या आकाराची, घशात बारीक ठिपके. पाऊस यायच्या आधी झाडाला कळतं हे पाहून मला गलबलून आलं, म्हणून आपलीही फुलावीत असं फार वाटतं.

रोज २० मिनिटं ठिबक चालू असतं, दर महिन्याला खत देते. माळी महिन्यातून एकदा विजेच्या कात्रीने गोल चेंडू करून जातात. बुंध्याजवळची पानं पिवळी पडून गळताहेत. नवीन रोपासाठी खड्डा खणला, तर हातभर खाली सिमेंटसारखा पांढरा थर लागला.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (टूसॉनहून)

ताई, तुमची शंका बरोबर आहे, हे सेज नाहीच. खऱ्या सेजची कोवळी फांदी चौकोनी असते आणि पानाला वास येतो. तुमच्याकडची फांदी बोटांत फिरवून बघा, गोल लागेल. रुपेरी दोन्ही म्हणजे ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतलं झाड. तिकडे 'सेनिझो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'सेनिझा' म्हणजे राख. तिसरं वर्णनावरून त्याच प्रजातीतलं ल्युकोफायलम लेव्हिगाटम वाटतं, मेक्सिको-अमेरिका सीमेवरच्या चिवावा वाळवंटातलं.

आता फुलांचं. झाड लाडाने बिघडलंय. रोजचं पाणी आजच बंद करा. मुळं धरलेल्या झुडपाला उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पण खोलवर मुरेल असं पाणी पुरतं. हिवाळ्यात जवळपास नाहीच. पिवळी पानं जास्त पाण्याचीच खूण. मुळं कुजायला लागली तर झुडूप वाचवणं कठीण. खत नकोच.

आणि ती विजेची कात्री! कळ्या नव्या वाढीवर येतात, आणि माळी दर महिन्याला तीच वाढ छाटून नेतात. इथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. दमट हवेने झाड फुलायला निघतं, तेव्हा त्याच्या अंगावर कोवळे शेंडे असायला हवेत. मोकळं सोडलं तर पाच ते आठ फूट होतं, तेवढी जागा द्या. फार दाट झालं तर हिवाळा सरताना हातकात्रीने जुन्या दोन-तीन फांद्या मुळाशी कापा, बस.

पांढरा थर म्हणजे 'कलीची', चुनखडीचा. खड्डा पाण्याने भरून ठेवा. चोवीस तासांत पाणी मुरलं नाही तर पहारीने थर आरपार फोडा, नाहीतर जागा बदला. वरून भारी माती घालून उपयोग नाही, पाणी तसंच साचतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार! लगेच बाहेर जाऊन फांदी फिरवून पाहिली, गोलच आहे. ठिबकाचा टायमर बंद केला. शुक्रवारी माळी येतील, त्यांना या तिघांना हात लावू नका असं सांगते. एक राहिलं: त्या हिरव्या झुडपाचं छाटकलम लागतं का? कधी घ्यावं?

प्रतिसाद २ (टूसॉनहून)

लागतं. उन्हाळ्यात अर्धवट पिकलेली, म्हणजे ना कोवळी ना पूर्ण कडक, फांदी घ्या, वीतभर पुरे. खालची पानं काढून वाळू-परलाइटमध्ये (परलाइट म्हणजे कुंडीत घालायचे हलके पांढरे दाणे) खोचा, सावलीत ठेवा. चार-पाच एकदम लावा, सगळी जगत नाहीत.