मदत हवी आहे: अर्जेंटिनातल्या बोलिव्हियन आणि स्लोव्हेन कुटुंबांची तुलना कुठल्या आकड्यांवर करू?

एम.ए.च्या प्रबंधासाठी ब्वेनोस आइरेस परिसरातल्या या दोन समाजांचं शिक्षण, घर आणि रोजगार ताडून बघतेय. अडलंय ते मोजणीत. २०१०च्या जनगणनेत बोलिव्हियात जन्मलेले सुमारे ३.४५ लाख लोक सापडतात. पण ती नोंद जन्मदेशाची, त्यामुळे स्लोव्हेनांची नातवंडं सरळ अर्जेंटिनी ठरतात. त्यात पहिल्या महायुद्धानंतर प्रिमोर्स्का हा स्लोव्हेनियाचा पश्चिमेकडचा भाग इटलीकडे गेला, म्हणून तिथून आलेले कितीतरी जण जुन्या कागदांत इटालियन! १९४५नंतरचे निर्वासित आणखी वेगळे.

आडनावं लावून पाहिली, तर ‘-इच’वाले क्रोएशियनही मिसळतात. घरोघरचं नियमित सर्वेक्षण चाळलं, पण ते शहरी; शहराबाहेर भाजीच्या मळ्यांत राबणारी बोलिव्हियन कुटुंबं त्यातून निसटतात. आजोबांच्या काळात स्थिरावलेल्यांशेजारी काल आलेल्यांना उभं करणं मला अन्यायाचंच वाटतं.

स्पॅनिश वाचता येतं, स्लोव्हेन नाही. प्रत्यक्ष तिकडे जाणं शक्य नाही. दोन्हीकडची दुसरी पिढीच समोरासमोर ठेवायची, तर स्लोव्हेनांसाठी जुनी जनगणना धरू, त्यांच्या शनिवारच्या स्लोव्हेन भाषेच्या शाळांचे पट मिळवू, की येऊन २० वर्षं झालेली कुटुंबं हाच निकष लावू?