हायस्कूलमधल्या अ‍ॅक्टिव्हिटीज आणि कॉलेजचा अर्ज : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायची वेळ आली की घरोघरी अ‍ॅक्टिव्हिटीजच्या, म्हणजे मुलाने वर्गाबाहेर काय काय केलं त्याच्या यादीवरून खल सुरू होतो. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, अ‍ॅक्टिव्हिटीजसाठी १० जागा असतात. प्रत्येक जागेत आपलं पद ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत आणि केलेलं काम १५० अक्षरांत बसवायचं. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, नववी ते बारावीपैकी कोणत्या वर्षी, हेही भरावं लागतं. दहा जागा दिसल्या की त्या भरल्याच पाहिजेत असं वाटतं आणि खोगीरभरती सुरू होते. मूल जे आधीपासून मनापासून करतंय तेच पुढे न्यावं, अर्जासाठी नवं गोळा करत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. पण नुसत्या मताने कोणाचं भागत नाही. तुमच्याकडे प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. प्रवेश कुठे मिळाला हे सांगितलं नाहीत तरी चालेल. मुलाने काय केलं आणि अर्जात ते कसं मांडलं, हे मात्र जरूर सांगा.

गाणं शिकणाऱ्या मुलीची आई

मुलगी लहानपणापासून हिंदुस्थानी गायन शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही देते. हायस्कूलला गेल्यावर ओळखीच्या बऱ्याच जणांनी सुचवलं, गाण्याने काय होणार, डिबेट घ्या, मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सभा) घ्या. तिला त्यात काडीचा रस नव्हता. आम्ही तिच्या गुरूंशी बोललो. त्यांनी विचारलं, "तू शिकतेस ते कोणाला शिकवतेस का?" तिथून मराठी शाळेत लहान मुलांचा गाण्याचा वर्ग सुरू झाला. त्यातल्या बऱ्याच मुलांना मराठी समजतं, पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणून तिने बंदिशी रोमन लिपीत लिहून काढल्या, प्रत्येकीचा अर्थ दिला, आणि घरी रियाज करता यावा म्हणून संथ लयीत गाऊन रेकॉर्डिंग केलं. हे सगळं तिला सुचलं ते समोरची पोरं अडत होती म्हणून.

अर्जात "शास्त्रीय गायन" एवढंच लिहिलं असतं तर काहीच कळलं नसतं. "मध्यमा पूर्ण" वाचून तरी तिथल्या माणसाला काय बोध होणार? म्हणून तिने परीक्षेचा टप्पा कितवा, आणि गाण्याबरोबर लेखी पेपरही असतो, हे लिहिलं. शिकवण्याचं काम वेगळ्या जागेत टाकलं: मुलं किती, साहित्य काय तयार केलं, वर्ग किती वर्षं चालला. काही कॉलेजं आर्ट्स सप्लिमेंट, म्हणजे अर्जाला जोडून कलेचे नमुने घेतात, तिथे रेकॉर्डिंगही पाठवलं. वेळेची मर्यादा असते. विलंबित ख्याल त्यात कसा बसवायचा यावर तिची आणि गुरूंची बरीच चर्चा झाली, आणि ती ऐकताना मुलगी किती शिकली आहे हे मला नव्याने कळलं.

सध्या कॉलेजात असलेला मुलगा

मी नववीत असताना आम्ही भारतातून इथे आलो. आई-बाबा दोघंही शिफ्टमध्ये काम करायचे. शाळा सुटली की धाकट्या भावाला घ्यायचं, त्याचा अभ्यास, जेवण, आणि आजीला दवाखान्यात न्यायचं असेल तर तिच्यासाठी दुभाषा म्हणून बसायचं. शनिवार-रविवार एका दुकानात कॅशियर. क्लबच्या मीटिंगा शाळेनंतर असतात, त्यामुळे माझ्याकडे क्लब एकही नव्हता. अकरावीत काउन्सेलर बाईंनी यादी मागितली तेव्हा "माझ्याकडे काही नाही" असं मी सांगितलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "चार वाजल्यापासून झोपेपर्यंत काय करतोस?"

कॉमन अ‍ॅपच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या हा एक रीतसर प्रकार आहे, आणि पगारी नोकरी हाही. हे कितीतरी मुलांना माहीत नसतं. हार्वर्डमधल्या मेकिंग केअरिंग कॉमन या प्रकल्पाने २०१६ साली अहवाल काढला होता. लांबलचक यादीपेक्षा मोजक्या पण खऱ्या कामाला महत्त्व द्यावं, आणि घरी केलेलं कामही जमेस धरावं, असं त्यात म्हटलं आहे. माझ्या १५० अक्षरांत मी भावना घातल्या नाहीत. कोणाची काळजी, कोणतं काम, कोणती औषधं वेळेवर द्यायची, डॉक्टरांचं बोलणं आजीला मराठीत समजावणं, इतकंच. तास खरे लिहिले. ते कोणत्याही क्लबपेक्षा जास्त भरले. मुख्य निबंध दवाखान्यातल्या एका दुपारवर लिहिला, कारण यादीत जे मावलं नाही ते त्याच ६५० शब्दांत सांगता येणार होतं.

इथे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असं मूल असेल, तर त्याला कृपया सांगा की हे मोजलं जातं.

रोबोटिक्सवाल्याचे बाबा

फर्स्ट रोबोटिक्स या शाळांच्या रोबोट-स्पर्धेचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि वसंत ऋतूपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. आमचा मुलगा कधी कॅप्टन झाला नाही. तो वायरिंग करायचा. दर वर्षी सीनियर मुलं गेली की नव्यांना सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, हे त्याला खटकलं. त्याने चित्रांसकट वायरिंगची पुस्तिका तयार केली, सुट्या भागांची नीट नोंद ठेवली. तो गेल्यावरही टीम तीच पुस्तिका वापरते. पद नाही म्हणून खट्टू होणाऱ्या पालकांना हेच सांगेन. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना त्या पुस्तिकेबद्दल पानभर लिहिता आलं.

मराठी शाळेतली एक शिक्षिका

थोडंसंच. सील ऑफ बायलिटरसीबद्दल, म्हणजे दोन भाषा चांगल्या येतात याबद्दल हायस्कूल संपवताना मिळणाऱ्या मान्यतेबद्दल, शाळेत विचारा. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून ही सुरुवात केली, आता बहुतेक राज्यांत आहे. मराठीची परीक्षा कशी देता येईल याचे नियम राज्याप्रमाणे, कधी स्कूल डिस्ट्रिक्टप्रमाणेही बदलतात, तेव्हा बारावीची वाट पाहू नका. मिळालं तर कॉमन अ‍ॅपमध्ये सन्मानांच्या ज्या ५ जागा असतात त्यांत घालता येतं.

माजी विद्यार्थिनी, अर्जदारांच्या मुलाखती घेणारी

मी ज्या विद्यापीठात शिकले तिथल्या अर्जदारांच्या मुलाखती घेते. मला त्यांचा अर्ज दाखवत नाहीत, समोर फक्त मूल असतं. मी विचारते, "यात अडलं कुठे? मग काय केलंत?" ज्याने काम केलंय तो इथे खुलतो. अकरावीच्या उन्हाळ्यात संस्था स्थापन करून अध्यक्ष झालेली मुलं मला दर वर्षी भेटतात. वेबसाइट असते, लोगो असतो, आणि शेवटचा कार्यक्रम कधी झाला विचारलं की मूल गप्प होतं. मला त्या मुलांचं वाईट वाटतं, कारण ही कल्पना बहुधा त्यांची नसते.

उन्हाळी शिबिरांबद्दलही मला नेहमी विचारतात. नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणारं, हजारो डॉलर घेणारं शिबिर केलं म्हणून तिथे प्रवेश सोपा होत नाही. एमआयटीत भरणारं रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हे संशोधनाचं शिबिर किंवा टेल्युराइड असोसिएशन या संस्थेचं शिबिर यांची गोष्ट निराळी: तिथे निवड अतिशय कठीण असते आणि शिकण्याची, राहण्याजेवणाची फी घेत नाहीत. ही निवड झाली नाही तरी वाचनालयात मुलांना गणित शिकवत घालवलेला उन्हाळा फुकट जात नाही. अशा एका मुलाशी बोलताना माझी ठरलेली वेळ कधी उलटून गेली ते कळलं नाही.

जुळ्यांचे बाबा

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा भरावा लागतो हे लक्षात ठेवा. तिथे अ‍ॅक्टिव्हिटीज आणि पुरस्कार मिळून २० जागा, आणि वर्णनाला ३५० अक्षरं. शिवाय आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं. बहुतेक अर्जदारांकडून शिफारसपत्रं मागत नाहीत, म्हणजे मुलाने स्वतः सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही. आम्ही दोघांनाही नववीपासून एक साधी वही ठेवायला लावली होती: तारीख, काम, किती वेळ, कोणासाठी. एकीची यादी आठ ओळींत संपली, दुसऱ्याची सतरावर गेली. दोघांनी उरलेल्या जागा रिकाम्याच ठेवून अर्ज पाठवले.