पहिली-दुसरीला वाचन-लेखन शिकवताना टॅब हवा की नको?

दुसरीच्या बाई
खानदेशातली आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी आहे. पट 31, पहिली-दुसरी माझ्याकडे. परवा शिक्षण परिषदेत एका सरांनी ठासून सांगितलं की चौथीपर्यंत वर्गात पडदा (स्क्रीन) नकोच. स्वीडननेही 2023मध्ये छापील पुस्तकं आणि हस्ताक्षराकडे परत जायचं ठरवलं, असा दाखला त्यांनी दिला. मला ते पटलं नाही, म्हणून इथे मांडते.

माझ्या वर्गातली एक मुलगी जूनपासून वाचायलाच तयार नव्हती. पुस्तक उघडलं की मान खाली. घरी अहिराणी बोलतात. एके दिवशी ती मैत्रिणीला रात्री शेळी व्यायली ते सांगत होती, हातवारे करकरून. मी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं आणि टॅबवर आवाज भरून घेतला. मधल्या सुट्टीत तिचे शब्द जसेच्या तसे, अहिराणीतच, मोठ्या अक्षरांत टाइप केले. आठ ओळी झाल्या. दुपारी ती स्वतःचा आवाज ऐकत एकेका शब्दाखालून बोट फिरवत होती. चौथ्या वेळी तिने आवाज बंद करायला सांगितला आणि नुसतंच वाचलं. टॅब नसता तर तिचं बोलणं मला असं धरून ठेवता आलं नसतं.

अनुलेखनवाले गुरुजी
बाई, त्या मुलीला वाचतं केलं ते तुम्ही. शेळीची गोष्ट पाटीवर लिहिली असती तरी ती वाचली असती. करोनात दोन वर्षं मोबाईलवरच शाळा होती. पुढे काय झालं? मुलांना कितपत वाचता येतं ते बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी 2018मध्ये 27.3 टक्के होती, 2022मध्ये 20.5 टक्के उरली.

माझा खरा आक्षेप हाताबद्दल आहे. अक्षर हाताने काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. माझी 28 वर्षं पहिलीच्या वर्गात गेली आहेत. 'घ' आणि 'ध' यांतली गल्लत गिरवल्यावरच सुटते, बोटाने चौकोन दाबून सुटत नाही. त्यात बहुतेक फोनवर मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरांतून. तिसरीतल्या पोराला 'ताट' लिहायला टी दोनदा दाबावा लागतो. त्याच्या कानात त आणि ट वेगळे, बोटाखाली मात्र एकच! बाराखडी नीट बसायच्या आत हे त्याच्या माथी का मारायचं?

इनस्क्रिप्टकर
गुरुजी, इंग्रजी अक्षरांबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो दोष कळफलकाच्या निवडीचा आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि त-ट वेगवेगळ्या कळांवर. शिवाय एक गंमत बघा. हाताने 'पि' लिहिताना मूल आधी वेलांटी काढतं, मग प. कळफलकावर आधी प, मग वेलांटी, म्हणजे तोंडाने जसं म्हणतो तसं. 'प ला पहिली वेलांटी पि' हे मुलं घोकतात, तो क्रम कळफलकावर बरोबर उतरतो. तिसरी-चौथीला हे जरूर दाखवावं. पहिलीला पाटीच.

वऱ्हाडातली ताई
मुलांचं वाचन ऐकून चूक दाखवणारं एक ॲप आम्ही वर्षभर वापरलं. आमच्या पोराने 'डोळा' हा शब्द बरोबर ओळखला, वाचताना म्हटलं 'डोया', घरी म्हणतात तसं. ॲपने लाल खूण केली. त्याने पुन्हा 'डोया' म्हटलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्याने टॅब पालथा घालून ठेवला. बाई समोर असती तर तिला कळलं असतं की याला वाचता येतंय, उच्चार तेवढा घरचा आहे. ज्या मुलांची भाषा पुस्तकापासून लांब, त्यांनाच हे यंत्र नापास करतं. माझा राग यावर आहे.

मराठवाडा 5
आमच्याकडे लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला. बिल थकलं, वीज तोडली. आठ महिने टीव्हीवर चादर आहे. बाकी चर्चा नंतर.

दुसरीच्या बाई
ताई, तुमचा 'डोया' वाचून गप्प झाले. तपासणारं ॲप मी वर्गात आणणार नाही. मुलाचं बोलणं धरून ठेवणारं यंत्र वेगळं आणि त्याच्यावर खुणा करणारं वेगळं. हा फरक मी सुरुवातीलाच सांगायला हवा होता.

क्यूआर कोडचंही सांगते. पाठ्यपुस्तकात हे कोड आणणाऱ्या डिसले गुरुजींना 2020मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव जगभर गेलं, मलाही अभिमान वाटला. पण पुस्तकातला तो कोड उघडायला घरी फोन लागतो आणि आमच्याकडे फोन वडिलांबरोबर शेतात जातो. म्हणून साधन शाळेत हवं, असं मी म्हणते.

गुरुजी, आमच्या गावात वाचनालय नाही. 'किशोर' हे मुलांचं मासिक 1971पासून निघतं. बालभारतीने त्याचे जुने अंक मोफत वाचायला ठेवलेत, ते मी शनिवारी टॅबवर उघडून मोठ्याने वाचते. मुलं खांद्यावरून डोकावतात, कुणी पान उलटायला हात पुढे करतं. एवढी पुस्तकं आमच्या कपाटात कधी येणार?

अनुलेखनवाले गुरुजी
'किशोर'बद्दल वाद नाही. पण अंक छापून भिंतीला टांगा, पोरांचा हात लागला पाहिजे. टॅब मी पहिलीत आणणार नाही, माझं मत तेच आहे.

आवाज भरून घेऊन लिहून काढायचं मात्र करून बघतो, माझ्याच फोनवर. लिहीन खडूने. तिसरीत तीन मुलं अजून अडखळतात, त्यातला एक मेंढपाळाचा आहे, दिवसभर बोलतो आणि पुस्तक दिसलं की मुका. शेळीच्या त्या आठ ओळी इथे टाकाल का? आणि तुम्ही त्या मुलीचे शब्द जसेच्या तसे ठेवलेत, तर प्रमाण मराठीवर तिला कधी नेणार, तेही सांगा.