उतारा वाचता येतो, पण त्यावरची उत्तरे चुकतात: बी.ए.च्या इंग्रजीची तयारी कशी करावी?

टर्नर, उद्यमनगर

नमस्कार. मी कोल्हापुरात उद्यमनगरमधील एका कारखान्यात एकोणीस वर्षे टर्नर म्हणून काम करतो. बारावीनंतर शिक्षण सुटले होते. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दूरशिक्षणाने बी.ए.ला प्रवेश घेतला आणि मराठी, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय पहिल्याच फेरीत सुटले; इंग्रजी मात्र दोनदा राहिले. व्याकरणाचे सुटे प्रश्न मी कसेबसे सोडवतो, परंतु पूर्वी न वाचलेला उतारा देऊन त्यावर जे प्रश्न विचारतात, तेथे माझे गुण जातात.

उताऱ्यातील बहुतेक शब्द मला माहीत असतात, आणि जे नसतात ते सराव करताना शब्दकोशात पाहून मी त्या शब्दाच्या वर पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवतो. तरीही लांब वाक्य संपेपर्यंत त्याच्या सुरुवातीला काय होते ते निसटून जाते. मग प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात कोठे दिसतो ते शोधून तेथली ओळ मी जशीच्या तशी उतरवून देतो. ती क्वचित बरोबर येते. एका खाजगी क्लासला तीन महिने गेलो. तेथे तयार उताऱ्यांचे आणि उत्तरांचे एक जाडजूड गाइड पाठ करायला लावले, आणि परीक्षेत त्यातला एकही उतारा आला नाही.

पाळी संपवून घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. मुलगी नववीत आहे, दोघे एकाच टेबलावर अभ्यासाला बसतो. रोज पाऊण तासापेक्षा अधिक वेळ निघत नाही आणि परीक्षेला अकरा आठवडे उरले आहेत. शब्द पाठ करावेत की दुसरे काही करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

शब्द माहीत असूनही वाक्य निसटते, असे आपण स्वतःच लिहिले आहे, तेव्हा अकरा आठवडे शब्दांच्या याद्या घोकण्यात घालवू नका. मी माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि आता घरी नोकरदार विद्यार्थ्यांना शिकवते. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचे घोडे बहुधा वाक्याच्या बांधणीपाशी अडलेले असते, असा माझा अनुभव आहे.

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते आणि कोणी कोणाला काय केले हे ने, ला अशा प्रत्ययांवरून कळते. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा किंवा 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, चावणारा तोच राहतो. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. शब्दाची जागा बदलली की चावणारा बदलतो. दुसरा फरक याहून अवघड आहे. 'ज्या शेतकऱ्याने गेल्या वर्षी कारखान्याला ऊस घातला, त्याला अजून बिल मिळालेले नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा 'ज्या'ची जोडी 'त्या'शी जुळली की मुख्य गोष्ट सुरू झाली हे कानाला आपोआप समजते. इंग्रजीत तीच माहिती नामाच्या पाठोपाठ मध्येच शिरते आणि मुख्य क्रियापद पार पुढे ढकलले जाते. वाक्य मी देवनागरीतच लिहिते, म्हणजे मोठ्याने वाचून पाहता येईल: 'द फार्मर हू सेंट हिज केन टू द फॅक्टरी लास्ट यिअर हॅज नॉट बीन पेड.' यात 'सेंट' भेटताच वाक्य पूर्ण झाले असे समजणारा विद्यार्थी पुढे 'हॅज नॉट बीन पेड' आले की गोंधळतो आणि पैसे कोणी कोणाला दिले नाहीत हे उलटे लिहून बसतो. 'हू'पासून 'यिअर'पर्यंत पेन्सिलीने कंस घाला. उरते ते 'द फार्मर हॅज नॉट बीन पेड', आणि तेवढ्याचा अर्थ आपल्याला नक्की लागतो.

माझे यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत होते, म्हणून हे धाडसाने लिहिते. जॉबचे ड्रॉइंग हाती आल्यावर आपण कोपऱ्यापासून एकेक रेघ वाचत सुटत नाही; नग कोणता, मुख्य मापे कोणती, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती, या क्रमाने नजर फिरते. वाक्यावरही तशीच नजर फिरवावी: कर्ता कोण, क्रियापद कोणते, आणि बाकीचे काय कशाला जोडलेले आहे. जाता जाता एक सावधगिरी सांगते. कारखान्यातले ओळखीचे शब्द उताऱ्यात वेगळ्याच अर्थाने भेटतात. तेथे 'टॉलरन्स' म्हणजे सहिष्णुता असते आणि 'हॅज नो बेअरिंग ऑन' म्हणजे एखाद्या गोष्टीशी संबंध नसणे. ओळखीचा शब्द म्हणून आपण थांबत नाही आणि नेमके तेथेच फसतो.

आता एक लहान उतारा देते. 'ऑलदो वर्क ऑन द राधानगरी डॅम बिगॅन इन द लाइफटाइम ऑफ शाहू महाराज, हू डाइड इन १९२२, इट वॉज कम्प्लीटेड ओन्ली आफ्टर इंडिपेन्डन्स. द गेट्स, व्हिच ओपन बाय देमसेल्व्ज, रिमेन शट अनलेस द लेक इज फुल. व्हेन दे डू ओपन, व्हिलेजेस डाउनस्ट्रीम आर वॉर्न्ड.' प्रश्न तीन. पूर्ण झालेले धरण शाहू महाराजांनी पाहिले का? दरवाजे केव्हा उघडतात? शेवटच्या वाक्यातील 'दे' म्हणजे कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात कोठेही शब्दशः लिहिलेले नाही. निधनाचे साल आणि 'ओन्ली आफ्टर इंडिपेन्डन्स' ही दोन टोके एकत्र आणली की 'नाही' हे उत्तर निघते. अशा प्रश्नाला शोधून उतरवण्याजोगी ओळच नसते, आणि आपले गुण बहुधा येथेच जात असावेत. उरलेली दोन उत्तरे आपण लिहून पाठवावीत.

शब्द पाठ करायचेच असतील तर छोटे करा: ऑलदो, अनलेस, हाउएव्हर, देअरफोर, हार्डली. 'अनलेस'च्या पोटात नकार असतो आणि 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे थोडे लोक आले, पण 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसे कोणी आलेच नाही. एवढासा 'अ' गेला की वाक्याचा रोख फिरतो.

बसवाहक, रंकाळा

बाईंनी बांधणीचे लिहिले ते अगदी पटले. मी स्वतः दोनदा राहून तिसऱ्या वेळी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी सुटले, म्हणून फक्त सरावासाठी काय वाचावे एवढेच लिहिते.

इंग्रजी वर्तमानपत्र वाचा असे सगळेच सांगतात. मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन अग्रलेखापासून सुरुवात केली आणि आठवड्यात कंटाळले, कारण विषयही नवा, भाषाही नवी आणि वाक्ये हातभर लांब. नंतर मी उलट केले. आधी मराठी वर्तमानपत्रातली एखादी बातमी पूर्ण वाचायची आणि मग तीच बातमी इंग्रजीत शोधायची. ते पावसाळ्याचे दिवस होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यामुळे इंग्रजी बातमीत 'वॉर्निंग लेव्हल' आणि 'डेंजर लेव्हल' आले तेव्हा अर्थासाठी अडावे लागले नाही आणि सगळे लक्ष वाक्य कसे रचले आहे याकडे देता आले. 'द रिव्हर, व्हिच वॉज फ्लोइंग अॅट ३८ फीट ऑन मंडे, क्रॉस्ड द वॉर्निंग लेव्हल' असे वाक्य आले, की सोमवारी पाणी पातळीच्या आत होते आणि ओलांडले ते नंतर, हे मी स्वतःला मराठीत सांगत असे.

आपली मुलगी नववीत आहे, तर तिचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तकही घ्या. लाज वाटू देऊ नका. आठवी ते दहावीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि धड्याखालचे प्रश्न आपल्या परीक्षेतल्या प्रश्नांच्या जातीचेच असतात. मात्र शब्दकोश पहिल्या वाचनाच्या वेळी मिटलेला ठेवा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचे. परिच्छेद संपेपर्यंत निम्म्या शब्दांचा अंदाज आलेला असतो.

आणखी एक. मी नेहमी प्रश्न आधी वाचत असे आणि उतारा नंतर.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

शेवटच्या मुद्द्यावर माझा मतभेद आहे. ज्यांना प्रश्नातला शब्द शोधून ओळ उतरवण्याची सवय लागली आहे, त्यांनी प्रश्न आधी वाचले तर ती सवय अधिकच पक्की होते. निदान सरावाचे पहिले पाच-सहा आठवडे उतारा आधी वाचावा, तो झाकावा आणि त्यात काय सांगितले आहे ते दोन वाक्यांत मराठीत लिहावे. हे दोन वाक्यांचे काम जमले नाही, तर प्रश्नांकडे वळण्यात अर्थ नाही.

अध्यापक, शाहूपुरी

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि उत्तरपत्रिका तपासतो. वरील वादात मी बाईंच्या बाजूने आहे. परीक्षेच्या दिवशी मात्र प्रश्नांवरून एकदा भराभर नजर फिरवायला हरकत नसावी.

उत्तराच्या लेखनाविषयी थोडे सांगतो, कारण उतारा समजलेले विद्यार्थीही येथे गुण घालवतात. उताऱ्यात लेखक 'आय' म्हणून बोलत असेल, तर उत्तरात 'द रायटर' म्हणावे लागते आणि 'माय'चे 'हिज' किंवा 'हर' करावे लागते. ओळ जशीच्या तशी उतरवली, की ती न समजता उतरवल्याचे तपासनिसाला तेथेच कळते. 'व्हाय'ने विचारलेल्या प्रश्नाला कारण हवे असते, घडलेली घटना पुन्हा सांगितली तर गुण मिळत नाहीत. काळही प्रश्नातलाच ठेवावा: 'डिड'ने विचारले असेल तर उत्तर भूतकाळात द्यावे. शीर्षक सुचवायला सांगितले असता पुष्कळ जण पहिल्या वाक्यातला पहिला मोठा शब्द उचलतात. त्याऐवजी बाईंनी सांगितलेली दोन मराठी वाक्ये समोर ठेवून त्यांचा गाभा चार-पाच शब्दांत उतरवला तर शीर्षक आपोआप हाती येते. आणि एखाद्या मुद्द्यावर तुमचे मत विचारले असेल, तर तो प्रश्न कोरा सोडू नका. चुकीच्या इंग्रजीतले पण मुद्द्याला धरून असलेले दोन ओळींचे उत्तर काही तरी गुण घेऊन येते.

टर्नर, उद्यमनगर

बाई, ताई, सर, तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलीबरोबर राधानगरीचा उतारा सोडवला. कंस घातल्यावर दुसरे वाक्य 'द गेट्स रिमेन शट' एवढेच उरले, हे पाहून बरे वाटले. 'दे' म्हणजे 'द गेट्स' असे दोघांनीही लिहिले. दरवाजे केव्हा उघडतात, याचे उत्तर मी 'द गेट्स ओपन अनलेस द लेक इज फुल' असे लिहिले आहे. मुलगी म्हणते की हे चुकले, पण का चुकले ते तिला सांगता येत नाही.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

'दे'चे उत्तर बरोबर आहे. दुसऱ्यात मुलीचे खरे आहे. आपल्या वाक्याचा अर्थ 'तलाव भरलेला नसेल तर दरवाजे उघडतात' असा होतो, आणि तसे झाले तर राधानगरीत पाणी साठायचेच नाही. मूळ वाक्यात 'शट' होते आणि त्याच्या जोडीला 'अनलेस' होते. आपण 'शट'चे 'ओपन' केले, पण 'अनलेस' तसेच ठेवले. एक बदलले की दुसरेही बदलावे लागते: 'द गेट्स ओपन व्हेन द लेक इज फुल.' आता हेच मराठीत करून पाहा. 'तलाव भरल्याशिवाय दरवाजे उघडत नाहीत' या वाक्यातल्या 'उघडत नाहीत'च्या जागी 'उघडतात' घाला आणि ते वाक्य मुलीला मोठ्याने वाचून दाखवा.