एकट्याने गाडी काढून धबधबा गाठला तो दिवस (ऑस्ट्रेलियाच्या डोंगरातले अनुभव लिहा)

रानजाई
परवा लेकीचं लर्नर लायसन्स झालं. आता १२० तास गाडी चालवून लॉगबुक भरायचं, त्यातले २० रात्रीचे. ते लॉगबुक ठेवायला आमच्या जुन्या करोलाचा पुढचा कप्पा रिकामा करत होते तर तळाशी एक चिटोरं निघालं. फिट्झरॉय फॉल्सच्या पार्किंगची पावती. शाई उडालीये, उजेडात धरली की तारीख तेवढी दिसते, ऑगस्ट २०१४. सगळा पसारा सीटवर तसाच टाकून बसून राहिले.

२०१२ ला नवऱ्याच्या नोकरीमुळे सिडनीला आलो. दोन वर्षं मी कायम डावीकडच्या सीटवर, मॅप बघ, पाणी दे, मागे पोरीला बिस्किट दे. लायसन्स होतं पण माझी धाव डेकेअर आणि भाजीच्या दुकानापर्यंत. एका शनिवारी नवरा म्हणाला मी बघतो पोरीला, तू जा कुठेतरी, तुला पाहिजे तिकडे. मी चिपळूणची, सवतसडा बघत मोठी झालेली, आणि दोन वर्षांत पडतं पाणी बघितलं नव्हतं. म्हटलं धबधबा.

दीडशेक किलोमीटर असेल. ह्यूम हायवेवर ११० ची लिमिट, शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची, मिटागाँगला बाहेर पडेपर्यंत मी खांदे खाली केलेच नव्हते. मग बाउरल, मॉस व्हेल, गाईंची कुरणं आणि पुढे धुकं. पार्किंगपासून कठडा पाच मिनिटांवर. पोचले तर समोर पांढरी भिंत. ८१ मीटरचा धबधबा म्हणे, आणि नुसता आवाज! पाणी कुठून पडतंय कुठे जातंय काही कळत नव्हतं. कठड्याशी उभ्या उभ्या थालीपीठ खाल्लं आणि थांबले, कारण पहिल्यांदाच चला चला म्हणणारं कोणी नव्हतं.

शेजारी पाचोळ्यात खसखस. कोंबडीसारखा तपकिरी पक्षी, शेपूट लांबलचक, पायाची नखं एवढी दणकट की ओली माती उडून माझ्या बुटावर पडत होती. मग त्याने गायला सुरुवात केली आणि एकाच गळ्यातून आधी कुकाबुरा पक्ष्याचं हसणं, मग व्हिपबर्डचा चाबूक, मग अजून कुणाकुणाचे आवाज. लायरबर्ड, दुसऱ्यांच्या आवाजांची नक्कल करणारा. हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या ऑगस्टात, ते सगळ्यात जास्त गातात हे नंतर कळलं. तो थांबला आणि थोड्या वेळाने धुकं फाटलं, दोनच मिनिटं. पिवळसर कडा, पांढरी धार, खाली एवढी खोल हिरवी दरी, आणि परत सगळं मिटलं. रडले मी.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं कसा होता, मी म्हटलं दिसला.

तुमचेही असे दिवस लिहा ना.

कोयनाकाठ
ताई काटा आला वाचून. माझं मेलबर्न, २०१६. आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात, तिकीट मिळूनही वेळेत पोचलो नव्हतो. घरात बसवत नव्हतं म्हणून सकाळी गाडी काढली, हील्सव्हिलच्या पुढे ब्लॅक स्परचा रस्ता, दोन्हीकडे माउंटन अ‍ॅशची सरळसोट झाडं, ही निलगिरीचीच एक जात, खाली माणसापेक्षा उंच नेचे. मॅरिसव्हिलला स्टीव्हनसन फॉल्स, ८४ मीटर. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात ते गाव जवळजवळ पूर्ण जळलं होतं. डोंगरावर करडे वाळलेले खांब उभे आणि त्यांच्यामध्ये दाट कोवळं रान, सगळं एका उंचीचं. हे झाड आगीत मरतं, पण त्याचं बी राखेतच रुजतं, म्हणून सगळी पोरं एका वयाची. मी धबधब्याकडे कमी आणि त्या पोरांकडेच जास्त बघत होतो. जास्त लिहवत नाही.

रानजाई
कोयनाकाठ 🙏

गुलबक्षी
रानजाई चिपळूणच्या तुम्ही?? माझं माहेर खेर्डी! कुठल्या शाळेत?

डबाबाटली
मी गाडी चालवत नाही, ट्रेनने गेलेलं चालेल का? वेंटवर्थ फॉल्स, ब्लू माउंटन्स, स्टेशनातून उतरून चार्ल्स डार्विन वॉक घेतला. ओढ्याच्या कडेकडेने चालत जायचं आणि अचानक पायाखालची जमीन संपते, समोर आख्खी जॅमिसन व्हॅली. डार्विन जानेवारी १८३६ मध्ये घोड्यावरून बाथर्स्टला जाताना इथे उतरून ह्याच ओढ्याने कड्यापर्यंत गेला होता. तीन टप्प्यांत १८७ मीटर. मी साठाव्या वाढदिवसाला गेले, मुलं म्हणत होती आपण सगळे जाऊ, मी म्हटलं परत येईन तेव्हा केक कापू.

दगडधोंडे
डबाबाटली, भारी योग आहे बघा. डार्विनच्या बीगल जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय, आणि रानजाईंच्या धबधब्याला ज्याचं नाव दिलंय तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर चार्ल्स फिट्झरॉय त्याचा सावत्र भाऊ. गव्हर्नर १८५० मध्ये तिथे गेला होता.

आणि हे दोन्ही कडे वालुकाश्माचे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, पाऊस संपला की बहुतेक धबधबे दिवाळीपर्यंत सुकतात. इकडे कड्याच्या वर दलदली असतात, त्या स्पंजासारखं पाणी धरतात आणि हळूहळू सोडतात, म्हणून पाऊस नसतानाही धार राहते. त्या दलदली जपायला हव्यात हो, लोक त्यातून खुशाल चालत जातात.

उंडगा_पंत
मग एबर फॉल्स बघा, तिथे सह्याद्री भेटतो!! कॉफ्स हार्बरवरून वॉटरफॉल वे ने आर्मिडेलला निघालो होतो, डोरिगोचा घाट चढून वर आलो, डोरिगोत पेट्रोल भरायचं राहिलं आणि पुढे दिवा लागला, फोनला रेंज नाही, दोन्हीकडे नुसत्या गाई. एसी बंद, गाणी बंद, ८० च्या वर जायचं नाही असं करत एबर गाठलं. गाडी लावून बघतो तर काळ्या दगडाचे उभे खांब आणि त्यावरून पाणी, अगदी आपल्याकडचं वाटलं, दिवा विसरलोच. मग एका शेतकरी आजोबांनी त्यांच्या यूटमधल्या (मागे उघडा हौदा असलेली गाडी) कॅनमधून पाच लिटर घातलं. पैसे घेईनात. मी डब्यातले बेसनाचे लाडू दिले, त्यांनी एक तिथेच खाल्ला आणि दुसरा बायकोसाठी रुमालात बांधला. अजून आठवतात.

गुलबक्षी
रुमालात बांधला ❤️

मीठमिरची
ब्रिस्बेनवाले कोणी? स्प्रिंगब्रुकला पर्लिंग ब्रुक फॉल्स, शंभर मीटरच्या वर आहे, चार किलोमीटरचा फेरा, खाली झुलता पूल. पावसानंतर गेले तर जळवा! मोज्याच्या आत दोन. समोरून येणारी बाई किंचाळत होती, मी कोकणातली, पुडीतलं मीठ काढून तिच्या पायाला लावलं. मग आम्ही दोघी शेवटपर्यंत बरोबर चाललो. एकटी गेले होते पण परत येताना मैत्रीण होती, दर पावसाळ्यात अजून जातो.

चौकार
बाउरलवरून गेलात आणि ब्रॅडमन म्युझियम नाही पाहिलं?

रानजाई
चौकार, नंतर नवऱ्याला घेऊन तीनदा झालं 😊 गुलबक्षी, युनायटेड! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गुलबक्षी
अगं बाई मी पण!! कुठली बॅच?

काकू_सदाशिव
मी पुण्याहून वाचते. मुलगी मेलबर्नला शिकायला आहे, काल म्हणाली रविवारी एकटी ग्रॅम्पियन्सला मॅकेन्झी फॉल्सला जाते, सकाळी निघून रात्री परत. माझी झोप उडालीये. नाही म्हणवत नाही, हो म्हणवत नाही. तुम्ही सगळे तिथले, खरं सांगा.

उंडगा_पंत
काकू, एका दिवसात ग्रॅम्पियन्स जाऊन येऊन नको. जायलाच तीन तासांच्या वर लागतात आणि परतताना अंधार. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, एकदम उडी मारतो, ब्रेक लागत नाही. हॉल्स गॅपला रात्री राहायचं असेल तर खुशाल जाऊ दे.

कोयनाकाठ
काकू, तिला मॅरिसव्हिलला पाठवा. दोन तासांच्या आत पोचेल, पार्किंगपासून धबधबा जवळ. अर्धी टाकी झाली की भरायची, मॅप आधी डाउनलोड करायचा, कुठे जाते आणि किती वाजता फोन करेन ते तिथल्या एका मैत्रिणीला लिहून द्यायचं. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कुणाची असली तरी ००० ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन लागतो, हे तिला सांगा. आणि काकू, जाऊ द्या तिला.

मीठमिरची
+१ आणि मीठ.

काकू_सदाशिव
तिला हे सगळं वाचून दाखवलं. बरं म्हणाली, मॅरिसव्हिल.

काकू_सदाशिव
गेली. आत्ता फोटो आला. धबधब्याचा एक, आणि कोयनाकाठ, तुम्ही लिहिलेल्या त्या कोवळ्या झाडांचे सात. खूप उंच झालीत आता. चार वाजता निघते म्हणाली. डबा खाल्ला का ते विचारायचं राहिलं.