लँगॉलेन कालव्यात पहिल्यांदाच नॅरोबोट : लॉकबद्दल शंका

लेस्टरवासी :
जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत. तेव्हा इंग्लंडमधल्या व्हिटचर्चहून वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जाऊन परत यावे, अशा बेताने आम्ही आठवडाभरासाठी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतली आहे. ती चालवायला परवाना लागत नाही, हे कळले; पण लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे, आपणच उघडायचे असतात, याची धास्ती वाटते. तिथे चूक झाली तर नेमके काय होते? शिवाय आईला उंचीची भीती आहे आणि वाटेत पाँटकसल्टेचा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, लागतो.

कालवाकाठ :
तुमच्या वाटेवर न्यू मार्टनचे दोनच लॉक आहेत. ग्रिंडली ब्रुकचे सहा लॉक व्हिटचर्चच्या खालच्या अंगाला राहतात. जाताना तुम्ही चढणार, येताना उतरणार, आणि सांभाळायचे ते उतरताना. वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला एक पक्का उंबरा असतो, जो लॉक भरलेला असताना पाण्याखाली दडलेला असतो. पाणी उतरू लागल्यावर बोटीची मागची बाजू त्यावर टेकली, तर ती तिथेच अडकते, पुढची बाजू मात्र पाण्याबरोबर खाली जात राहते, आणि बोट बुडू शकते. उंबऱ्याची हद्द दाखवणारी खूण भिंतीवर रंगवलेली असते. बोट सुकाणूसकट तिच्या पुढेच ठेवावी. विंडलास, म्हणजे हातदांडा, फिरवून पॅडल, म्हणजे पाण्याची झडप, उचलणाऱ्याने नजर बोटीवरच ठेवावी आणि काही अडकल्यासारखे वाटताच खालची पॅडल आधी बंद करावीत. दोन्हीकडचे पाणी समपातळीत येईपर्यंत दरवाजा हलत नाही, तेव्हा उगाच जोर लावू नये.

जुना खलाशी (नावापुरताच) :
टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा हा जलसेतू 1805 सालचा, सुमारे 38 मीटर उंच. कठडा फक्त पायवाटेच्या बाजूला आहे. दुसरीकडे लोखंडी पन्हळीची कड आणि खाली थेट डी नदीचे खोरे. आईंना आत, पायवाटेच्या बाजूच्या खिडकीशी बसवावे. आमच्या मावशींनी तेवढ्या वेळात चहा केला!
दुसरे असे, की या कालव्यातून डी नदीचे पाणी हर्लस्टनच्या जलाशयाकडे वाहते, त्यामुळे लँगॉलेनकडे जाताना प्रवाह समोरून येतो आणि वेळ जास्त लागतो. शेवटच्या अरुंद टप्प्यात समोरून बोट येत नाही ना, हे पाहायला एकाला पायी पुढे पाठवावे.

लेस्टरवासी :
दोघांचेही आभार. सुकाणू पत्नीकडे आणि विंडलास माझ्याकडे, असे ठरले आहे. भिंतीवरच्या खुणेवर लक्ष ठेवण्याचे काम बाबांनी फोनवरच मागून घेतले.